कंसातलं वाक्य

आदरणीय सर,

मी जळगावची, वय २६. बारामतीत सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स केलं, त्यासाठी बाबांनी राहतं घर तारण ठेवलं. दीड वर्ष घरी बसल्यावर एका लहान विमान कंपनीत टर्बोप्रॉपवर, म्हणजे पंख्याच्या विमानावर, को-पायलट म्हणून लागले. टाइप रेटिंगसाठी, म्हणजे ते ठरावीक विमान उडवण्याच्या पात्रतेसाठी, बारा लाखांचा बॉन्ड लिहून दिला होता आणि एक वर्षाचं प्रोबेशन होतं. नऊ महिन्यांत ३९० तास झाले.

नोव्हेंबरात एक दिवस पहाटे साडेतीनचं पिकअप होतं. आदल्या रात्री झोप लागली नव्हती. तीन सेक्टर, म्हणजे तीन उड्डाणं केली, चौथ्याच्या वेळी डोळे उघडे राहीनात. मी ऑप्सला, म्हणजे उड्डाणं सांभाळणाऱ्या विभागाला, फोन करून नाही म्हणून सांगितलं. विमान दोन तास उशिरा निघालं. नवव्या दिवशी एचआरने बोलावलं आणि म्हणाले, संध्याकाळी सहापर्यंत राजीनामा द्या, नाहीतर आम्ही काढतो. मी पाच वीसला राजीनाम्याचा मेल टाकला. (जुलैमध्ये माझा एक सिम चेक, म्हणजे सिम्युलेटरवरची परीक्षा, गेला होता, पण तीन आठवड्यांनी परत दिला तेव्हा पास झाले, म्हणजे त्याचा इथे संबंध नाही.) आठवड्याने कुरिअरने पत्र आलं, ‘प्रोबेशनमधील कामगिरी असमाधानकारक, सेवा समाप्त.’ त्यावर तारीख माझ्या मेलच्या आदल्या दिवसाची! सोबत मागणी, बॉन्डचे बारा लाख भरा, तोवर रिलीव्हिंग लेटर मिळणार नाही.

आता दोन कंपन्यांचे फॉर्म भरते आहे, एक इथली आणि एक आखातातली. दोन्हीत विचारलंय, ‘आपल्याला कधी नोकरीवरून काढून टाकलं आहे का, किंवा राजीनामा द्यायला सांगितलं आहे का?’ बाबा म्हणतात, ते नऊ महिने लिहूच नकोस. मावसभाऊ आयटीत आहे, तो म्हणतो ‘वैयक्तिक कारण’ लिही. मैत्रीण म्हणते, त्यांनी तुला कसं छळलं ते सगळं सविस्तर लिही. पण मी तर राजीनामा दिला आहे, मला काढलेलं नाही. मग ‘नाही’वर टिक केली तर ते खोटं ठरेल का?

एक को-पायलट

---

माझ्या धाकट्या मुलीपेक्षाही तू लहान आहेस, तेव्हा अगं-तूगं करतो, राग मानू नकोस.

शेवटचा प्रश्न आधी घेऊ. हो, खोटं ठरेल. तूच उतरवलेलं वाक्य पुन्हा वाच. ‘किंवा राजीनामा द्यायला सांगितलं आहे का’ हे शब्द तुझ्यासारख्यांसाठीच घातलेले आहेत. एचआरने सहाची वेळ घालून दिली आणि तू पाच वीसला मेल टाकलास, म्हणजे राजीनामा कसाही लिहिलेला असो, तो सांगून घेतलेला आहे. कंपनी चुकली की बरोबर होती, हे त्या चौकटीत कुणी विचारलेलंच नाही. टिक ‘हो’वर कर.

आता तुझ्या पत्राबद्दल. ते मी दोनदा वाचलं. मुलाखतींच्या टेबलाच्या पलीकडे बरीच वर्षं बसलोय, त्यामुळे असं पत्र हातात आलं की नजर आधी कंसाकडे जाते. तू चौथ्या सेक्टरवर सहा ओळी लिहिल्यास आणि सिम चेक कंसात टाकून वर शेरा मारलास की त्याचा संबंध नाही. तुझ्या दृष्टीने नसेलही. पण कंपनीच्या पत्रात ‘कामगिरी असमाधानकारक’ असं आहे, आणि त्या शब्दांच्या पाठीशी कागद म्हणून त्यांच्याकडे बहुधा एकच गोष्ट आहे, जुलैच्या त्या चेकची शीट. उद्या ट्रेनिंगचा माणूस समोर बसेल तो चौथ्या सेक्टरकडे नंतर वळेल. आधी विचारेल, ‘सिममध्ये काय गेलं?’ त्या वेळी तुझा चेहरा ‘अरे, हे यांना कसं कळलं’ असा झाला, तर पुढचं सगळं ऐकताना तो अर्धंच ऐकेल. तुझ्या बाजूचं खरं असलेलंसुद्धा.

म्हणून माझा सल्ला थोडक्यात असा, की कंसातलं वाक्य कंसाबाहेर काढ आणि पहिल्या ओळीत आण. पुढे जे लिहितो आहे ते हे कसं करायचं याबद्दल.

हा प्रश्न फॉर्मात आला कुठून, हे तुला माहीत असावं. १३ डिसेंबर १९९४ ला अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या मॉरिसव्हिलजवळ अमेरिकन ईगलचं एक जेटस्ट्रीम उतरता उतरता कोसळलं. विमानात वीस जण होते, पंधरा गेले. कॅप्टनला वाटलं की एक इंजिन बंद पडलं आहे, आणि ते निस्तरताना विमान हातचं गेलं. चौकशीत निघालं की आधीच्या कंपनीत त्याच्या उडवण्याबद्दल तक्रारी होत्या, त्याला काढायचं घाटत होतं, तेवढ्यात त्याने राजीनामा दिला. नव्या कंपनीने जुन्या कंपनीकडून त्याचे कागद मागवलेच नव्हते. दोन वर्षांनी, १९९६ मध्ये, वैमानिकाचे जुने कागद मागवणं तिथे कायद्याने सक्तीचं झालं. तरी पळवाटा उरल्याच. २३ फेब्रुवारी २०१९ ला ॲटलास एअरचं मालवाहू बोइंग ७६७ मायामीहून ह्यूस्टनला जाताना टेक्ससच्या ट्रिनिटी बेमध्ये पडलं, तिघे गेले. त्यातल्या को-पायलटने आधीच्या दोन कंपन्यांतल्या नोकऱ्या अर्जात लिहिल्याच नव्हत्या, कारण तिथे तो ट्रेनिंगमध्ये अडकला होता. बाबा तुला जे करायला सांगतात, नेमकं तेच.

तू त्यांच्यासारखी आहेस असं मी म्हणत नाही. एक चेक जाणं आणि पुन्हा पास होणं हे आमच्या धंद्यात रोजचं आहे. पण ‘राजीनामा’ हा शब्द वाचून निवड समितीच्या डोक्यात काय येतं, ते तुला कळावं. तुला तो शब्द अब्रू राखणारा वाटतो. आम्हाला तो तपासायचा शब्द वाटतो.

आपल्याकडे हे तपासणं बरंचसं फोनवर होतं. टर्बोप्रॉप उडवणाऱ्या कंपन्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, प्रशिक्षकही थोडेच, आणि निम्मे एकमेकांबरोबर उडलेले. तुझा फॉर्म आला की कुणीतरी कुणालातरी ‘अरे, ही जळगावची मुलगी कशी होती रे?’ असं विचारणारच. त्या फोनवर जे सांगितलं जाईल आणि तू जे लिहिलं आहेस त्यात फरक दिसता कामा नये.

बाबांचा सल्ला मायेपोटी आहे, पण चालणारा नाही, आणि तो अप्रामाणिक आहे म्हणून नव्हे. आधी व्यवहारच बघू. ते नऊ महिने काढलेस की त्यांतले ३९० तासही गेले. मग उरतं काय? सीपीएलचे दोनशे आणि लायसन्सवर टाइप रेटिंगची नोंद. हे रेटिंग आलं कुठून, हा पहिला प्रश्न तिथेच उभा राहतो. तास लॉगबुकात आहेत, डीजीसीए या विमान वाहतूक नियामकाच्या ई-जीसीए पोर्टलवर आहेत. पीएफ कापला गेला असेल तर यूएएनच्या सर्व्हिस हिस्टरीत कंपनीचं नाव, रुजू झाल्याची तारीख आणि सोडल्याची तारीख, सगळं पडून आहे, आणि पडताळणी करणाऱ्या एजन्सी आधी तेच उघडतात. (आज रात्रीच तिथे जाऊन सोडल्याची तारीख कोणती टाकली आहे ते बघ. तुझ्या मेलची, की पत्रावरची? स्क्रीनशॉट काढून ठेव.) रिकाम्या महिन्यांना तर घाबरूच नकोस. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला थांबली, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये, आणि त्यानंतर माझ्यासमोर वर्ष-दोन वर्षं घरी बसलेली किती चांगली मुलं येऊन गेली. रिकामी जागा कुणी मनावर घेत नाही. लपवलेली जागा मात्र घेतात.

मावसभावाचं ‘वैयक्तिक कारण’ मी स्वतः वापरून पाहिलं आहे, तेव्हा त्यावर जरा सविस्तर बोलतो.

नव्वदच्या दशकात मी एका चार्टर कंपनीत होतो. निवडणुकीचे दिवस. एक नेते मराठवाड्यात सभा घेत फिरत होते आणि प्रत्येक सभा तासभर लांबत होती. शेवटच्या मुक्कामाच्या धावपट्टीवर रात्रीचे दिवे नव्हते. सूर्यास्ताला वीस मिनिटं उरली आणि उडायचं होतं पस्तीस मिनिटं. मी म्हटलं, जाणार नाही. त्यांच्या सचिवाने मालकाला फोन लावला, मालकाने मला काय ऐकवलं ते छापण्यासारखं नाही, नेते गाडीने गेले आणि चौथ्या दिवशी माझी नोकरी गेली. मी शंभर टक्के बरोबर होतो. तरी पुढच्या फॉर्मात ‘नोकरी सोडण्याचं कारण’ या रकान्यात मी लिहिलं, ‘वैयक्तिक’. वाटलं, कशाला उगाच. मुलाखतीत एका ज्येष्ठ कॅप्टननी सहज विचारलं, ‘घरी काही अडचण होती का?’ मी म्हटलं, ‘हो, वडिलांची तब्येत.’ वडील तेव्हा रोज सकाळी पर्वती चढून येत होते. त्या गृहस्थांनी मान डोलावली आणि पुढचा प्रश्न विचारला. त्यांना मालकाकडून सगळं आधीच कळलं होतं, हे मला वर्षभराने समजलं. मी न उडण्याचा जो निर्णय घेतला होता त्याबद्दल त्यांना माझं कौतुकच वाटलं असतं. पण त्यांनी मला घेतलं नाही, आणि माझी खात्री आहे की मी त्यांच्या जागी असतो तर मीही घेतलं नसतं.

मैत्रिणीच्या सल्ल्याला दोन ओळी पुरेत. फॉर्म ही कोर्टाची पायरी नव्हे. अन्याय झाला असेल तर तो सिद्ध करायची जागा वकिलाकडे आहे. फॉर्मात तू जितकं जास्त लिहिशील तितकं वाचणाऱ्याला वाटतं की हे प्रकरण हिच्या डोक्यात अजून चालूच आहे.

आता या सगळ्यातला मला सर्वांत मजेशीर वाटलेला भाग. कंपनी एकाच पाकिटात दोन गोष्टी बोलते आहे. पत्रात म्हणते, आम्ही काढलं. बॉन्डच्या मागणीत म्हणते, तू सोडून गेलीस म्हणून पैसे भर. बहुतेक बॉन्ड कर्मचारी स्वतःहून गेला तर लागू होतात. कंपनीनेच सेवा संपवली तर काय, हे तुझ्या बॉन्डच्या मजकुरावर ठरेल, तेव्हा तो कागद वकिलासमोर ठेव. अंगावर येईल तेवढा आकडा बॉन्डमध्ये लिहिला म्हणून तो सगळा वसूल होतोच असं नाही. भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ मध्ये वाजवी भरपाईची भाषा आहे. पण बॉन्ड म्हणजे रद्दी, असंही समजू नकोस. मे २०२५ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने एका बँकेचा दोन लाखांचा असा बॉन्ड योग्य ठरवला आहे.

पण गंमत पुढेच आहे. तूही दोन गोष्टी बोलते आहेस. फॉर्मासाठी म्हणतेस, मी राजीनामा दिला. मग डीजीसीएच्या २०१७ च्या नियमाने को-पायलटला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते, कमांडरला, म्हणजे कॅप्टनला, वर्षाची. तुझे सहा महिने कुठे आहेत? नवी कंपनी राजीनामा हा शब्द वाचून पहिल्यांदा नोटीस आणि एनओसी विचारेल, आणि तुझ्याकडे दोन्ही नाही. म्हणजे ज्या शब्दासाठी तू एवढी झगडते आहेस, तोच शब्द कदाचित तुला अडकवेल. कंपनीनेच सेवा संपवली असेल तर तुझ्याकडून नोटीस मागण्यात फारसा अर्थ उरत नाही. ‘सेवा समाप्त’ हे वाचायला कडू लागतं, पण तुझ्या बाबतीत ते बॉन्डलाही बरं आणि नोटिशीलाही. म्हणून तो कागद फाडायची घाई करू नकोस. वकिलाला विचारायचा पहिला प्रश्न हा की, मी काढली गेले असं मान्य केलं तर माझा फायदा किती आणि तोटा किती. उत्तर मिळेपर्यंत कुठल्याही तडजोडीच्या कागदावर सही करू नकोस. प्रोबेशनच्या अटी त्यांच्या पत्रापेक्षा तुझ्या नेमणूकपत्रात बघ.

कंपनीला एक पत्र मात्र लिहायचं आहे, आणि ते वकिलाच्या नोटिशीआधी. साधं, पानभराचं, एचआर आणि चीफ पायलट दोघांना. त्यात छळ, अन्याय, मानसिक त्रास हे शब्द नकोत. मागायचं ते एवढंच. तुझ्या सेवेची सुरुवातीची आणि शेवटची तारीख, पद आणि उड्डाणाचे तास असलेला दाखला. ट्रेनिंग फाइलमधल्या तुझ्या सगळ्या चेकच्या शीट्सच्या प्रती, जुलैचा गेलेला आणि ऑगस्टचा पास झालेला, दोन्ही. समाप्तीच्या पत्रावरची तारीख तुझ्या मेलच्या आदल्या दिवसाची का आहे, याचा खुलासा. आणि कुणी चौकशी केली तर कंपनी तारखा, पद आणि तास याखेरीज काय सांगेल, हे लेखी. अर्ध्या गोष्टी मिळणार नाहीत. तरी मागितल्याची नोंद तुझ्याकडे राहते, आणि मुलाखतीत ‘शीट्स मागितल्या आहेत, हे पत्र’ असं म्हणता येतं. कोणी म्हणेल की चीफ पायलट कशाला? कारण एचआरला तुझी फाइल म्हणजे एक नंबर असते. चीफ पायलटला उद्या तुझ्याबद्दल फोन येणार आहे, आणि तुझं शहाण्यासारखं पत्र त्याने वाचलेलं असेल तर फोनवरचा सूर थोडा तरी बदलतो. हे मी फोनच्या दोन्ही टोकांना बसून अनुभवलं आहे.

एक शंका मला सतावते आहे. पाच वीसचा तो मेल तू कंपनीच्या पत्त्यावरून पाठवलास की स्वतःच्या? कंपनीच्या असेल तर तो आता तुझ्या हातात नाही. स्वतःला प्रत लावली होतीस का, फोनवर स्क्रीनशॉट आहे का, त्या दुपारी मैत्रिणीला व्हॉट्सॲपवर ‘राजीनामा द्यायला सांगतायत’ असं काही लिहिलं होतंस का, ते शोध. लेखी काहीच नसेल तर आजच बसून त्या दिवसाचं टिपण काढ. किती वाजता बोलावलं, खोलीत कोण कोण होतं, कोण काय म्हणालं. आठवणीला महिन्याभरात पाय फुटतात.

आता फॉर्म. इंग्रजीत तू भरशीलच, मी मजकुराचा अर्थ सांगतो. रकाना लहान असतो, पाच-सहा वाक्यांच्या वर जागा नसते आणि नसावीही.

‘प्रोबेशनच्या नवव्या महिन्यात माझी सेवा संपली. जुलैमध्ये माझा एक सिम्युलेटर चेक अनुत्तीर्ण झाला होता, अधिक प्रशिक्षणानंतर तीन आठवड्यांनी मी तो उत्तीर्ण केला आणि पुढे नोव्हेंबरपर्यंत लाइनवर नियमित उडले. नोव्हेंबरमध्ये थकव्यामुळे मी एक सेक्टर नाकारला. त्यानंतर नऊ दिवसांनी मला राजीनामा देण्यास सांगण्यात आलं आणि मी तो दिला. कंपनीच्या पत्रात सेवा असमाधानकारक कामगिरीमुळे समाप्त केल्याचं नमूद आहे, ते मला मान्य नाही. राजीनाम्याचा मेल आणि ते पत्र, दोन्ही सोबत जोडले आहेत.’

बघ, यात ‘थकव्यामुळे सेक्टर नाकारला म्हणून काढलं’ असं कुठेही नाही. ‘त्यानंतर नऊ दिवसांनी’ एवढंच आहे. तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की वाचणारा हुशार असतो, त्याचं तो जोडतो. तू जोडून दिलंस तर तो खोडायला बसतो. आणि ‘मला मान्य नाही’ हे तीनच शब्द पुरे आहेत. पत्राबद्दल ‘खोटं’, ‘बनावट’ असलं काही लिहू नकोस, जरी मागची तारीख बघून माझंही डोकं फिरलं असलं तरी.

कधी कधी ऑनलाइन फॉर्मात जागाच नसते, फक्त यादीतून निवडायचं. ‘राजीनामा’, ‘सेवा समाप्त’, ‘करार संपला’, ‘इतर’. ‘इतर’ असेल तर ते. नसेल तर कंपनीच्या पत्रात जे आहे ते निवड, म्हणजे ‘सेवा समाप्त’, आणि जिथे कुठे शेरा लिहायची जागा सापडेल तिथे वरचा मजकूर टाक. जागाच नसेल तर अर्ज गेल्याच्या दिवशी रिक्रूटमेंटला मेल कर. तुझी आणि कंपनीची दोन उत्तरं ताडून बघितली जाणार आहेत, त्यात तू स्वतःला जास्त कडक धरलेलं दिसलं तर तुझं काही बिघडत नाही. फॉर्मच्या तळाला जिथे सही करतेस त्याच्या वरची ओळही वाच. माहिती खोटी निघाली तर कधीही काढता येईल, असं तिथे लिहिलेलं असतं. ‘कधीही’ म्हणजे सहा वर्षांनी, कॅप्टन होण्याच्या उंबरठ्यावरसुद्धा. २०११ साली गोव्यात एक विमान मागच्या चाकांऐवजी पुढच्या चाकावर उतरवलं गेलं, त्या निमित्ताने कागद तपासले गेले आणि वैमानिकांच्या बनावट गुणपत्रिकांचं प्रकरण बाहेर आलं. अनेकांचे परवाने गेले, काही गजाआड गेले. त्यातले कित्येक तोवर छान उडत होते.

मुलाखतीत तुला हे सगळं दीड मिनिटात सांगता यायला हवं, आणि त्यातलं पहिलं मिनिट सिमचं. पत्रात तू ‘सिम चेक गेला’ एवढंच लिहिलंस. कशात गेला? समजा व्ही-वन कट, म्हणजे टेकऑफच्या ऐन क्षणी एक इंजिन बंद पडतं तो सराव, असेल. तर सांगायचं ते असं : ‘इंजिन गेल्यावर माझा रडर उशिरा आला, नाक वळलं, मी ते एलेरॉनने सावरायला गेले आणि स्पीड पडला. नंतरच्या दोन सेशनमध्ये प्रशिक्षकांनी पायावर काम करून घेतलं. आता मी आधी पाय देते, मग बाकीचं.’ (रडर पायाने चालतो, एलेरॉन हाताने.) असं बोलणारी मुलगी मी पहिल्या झटक्यात पुढे पाठवतो. ‘त्या दिवशी एक्झामिनर कडक होते’ असं बोलणारीला पाणी विचारून निरोप देतो. समोर बसलेला कदाचित स्वतःच कडक एक्झामिनर असतो, हेही आहेच.

चौथ्या सेक्टरचं मात्र तुला थोडं ऐकून घ्यावं लागेल. तू थकलेली होतीस आणि नाही म्हणालीस, ते योग्यच केलंस. थकलेल्या माणसाने कॉकपिटमध्ये बसू नये, आणि नियमाचंही म्हणणं तेच आहे. पण तू फक्त ऑप्सला फोन केलास. लेखी फटीग रिपोर्ट टाकलास का? पत्रात त्याचा उल्लेख नाही, म्हणजे बहुधा नाही. रिपोर्ट असता तर आज तो तुझ्या हातातला सर्वांत जड कागद असता. नसल्यामुळे ती एका को-पायलटची आणि एका ड्यूटी ऑफिसरची फोनवरची बाचाबाची होऊन बसली आहे. मुलाखतीत हे विचारलं तर आपणहून कबूल कर की रिपोर्ट टाकायला हवा होता, टाकला नाही. आणखी एक विचारतील. आदल्या रात्री झोप झाली नव्हती हे पहाटे साडेतीनला माहीत होतं, मग पहिले तीन सेक्टर का केलेस? यावर माझ्याकडे तयार उत्तर नाही. तुझं खरं काय होतं ते तुलाच माहीत. प्रोबेशनवर होते, नाही म्हणायची भीती वाटली, असं असेल तर तसंच सांग. टेबलापलीकडच्या प्रत्येकाने कधी ना कधी ते केलेलं आहे.

आखातातल्या कंपनीचा फॉर्म आधी पाठवू नकोस. त्यांची पडताळणी लांबलचक असते, त्यांना सगळे कागद हवेत, आणि एकदा नकार आला की तिथे पुन्हा अर्ज करायला थांबावं लागू शकतं. आधी इथली कंपनी. दरम्यान मेडिकल आणि आयआर, म्हणजे फक्त उपकरणांच्या आधारे उडवण्याचं रेटिंग, लॅप्स होऊ देऊ नकोस. वैमानिकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर जुन्या कंपनीबद्दल एक शब्द नको, इमोजीसुद्धा नको. ते स्क्रीनशॉट कुठे कुठे फिरतात ते मी पाहिलं आहे.

बाबांना माझा नमस्कार सांग. घर तारण ठेवणाऱ्या माणसाला ‘हो’वर टिक करायला सांगणं मला सोपं आहे, त्यांना ते ऐकणं नाही, याची जाणीव आहे. त्यांना वरचा सहा वाक्यांचा मजकूर वाचून दाखव, आणि वाचताना कुठे अडखळतेस ते बघ. तिथे बहुधा अजून काहीतरी कंसात राहिलेलं असेल.

आणि हो, कंपनीचं ओळखपत्र आणि विमानतळाचा पास तू परत केलास का? केला असशील तर त्याची पावती कुठे आहे? एकेका पासासाठी पुढचा पास महिनोन्महिने अडकलेला मी पाहिला आहे. सापडली नाही तर कंपनीला लिहायच्या पत्रात तीही माग.